जवसाच्या साबणाची चाखलेली वडी

अन्याय माझ्या आईवर झाला. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, पस्तीस-चाळीस शिकलेल्या माणसांच्या देखत. ‘बहुधा’, ‘साधारण’, ‘काहीतरी गैरसमज झाला असावा’ असले शब्द मी वापरणार नाही. मी तिथे होते. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं आणि बरोबर चालत होतं.

आरोप असा : ही बाई साबण चाटते.

शिक्षा अशी : हिचं गेटचं कार्ड काढून घ्या.

त्या सोसायटीत आईची सहा घरं होती. नऊ वर्षं ती तिथे भांडी घासत होती, फरशी पुसत होती. कार्ड गेलं म्हणजे सहाही घरं गेली. आणि आजूबाजूच्या सोसायट्यांत काय पसरलं, ते वेगळं. ‘ती चाटणारी बाई.’ आईची पाठ वळली की म्हणतात. कधी वळायच्या आधीच म्हणतात.

नावं लिहीत नाही. आईची तशी अट आहे. ती म्हणाली, “नाव लिहलं त भांडण माह्यं अन् त्याइचं होते. नाही लिहलं त सगळ्याइचं होते.” मी कामगार बायकांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते. सहा वर्षं लिहितेय. इतकं सरळ वाक्य मला कधी सुचलं नाही.

आई वऱ्हाडातली. लग्नानंतर बाबांबरोबर पुण्यात आली, तेव्हा हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. बाबा वायरमन. ज्या इमारतींत बसून लोक अमेरिकेशी बोलतात, त्यांच्या भिंतींतल्या वायरी बाबांनी ओढल्यात. राहायला मात्र आम्ही कोथरूडच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत. एक खोली, पत्र्याखाली पोटमाळा, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि मोरीच्या कट्ट्यावर साबणाच्या वड्यांची रांग.

ही रांग आमच्या घरात कायम होती. आईच्या गावात तेलाचा घाणा होता आणि घाण्यावरच्या एका बाईकडून ती साबण करायला शिकली होती. पुण्यात आल्यावर भांडी घासून तिचे हात फुटायला लागले. हिवाळ्यात बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. मग तिनं गावाहून जवसाचं तेल मागवलं. माझा मामा खासगी बसच्या ड्रायव्हरच्या हाती डबा द्यायचा, बाबा नगर रोडला जाऊन उतरवून घ्यायचे. डब्याला गोणपाट शिवलेलं असायचं. ऊन लागायला नको म्हणून.

साबण करताना आई आम्हाला खोलीत थांबू द्यायची नाही. तोंडाला ओढणी, हातात रबरी मोजे, दार सताड उघडं. आधी पाणी, मग त्यात कॉस्टिक सोडा. उलटं कधीच नाही, उलटं केलं की उसळून अंगावर येतं. ते पाणी निवलं की तेलात. खोबरेल सर्वांत जास्त, मग तिळाचं, थोडं एरंडेल आणि शेवटी जवस. दहा वाट्या तेल असेल, तर त्यात जवस एक वाटी. सव्वा नाही, एक. मग लाकडी रवीनं घोटत बसायचं. ताकासारखं होतं ते पिठल्यासारखं झालं की फरसाणाच्या रिकाम्या डब्यांत ओतायचं. दुसऱ्या दिवशी दोऱ्यानं कापून वड्या करायच्या आणि पाच आठवडे कागदावर वाळत ठेवायच्या.

“एकच वाटी काऊन?” मी एकदा तिच्याच भाषेत तिला चिडवत विचारलं होतं.

“जवस पाहुणा आहे व. कातडीले मऊ करते, पण टिकत नाही. लवकर खवट होते. पाहुण्याले जेवू घालावं, घराची किल्ली देऊ नये.”

पाच आठवडे झाले की घाण्यातली एक वडी उचलायची. एका वेळी घोटून केलेल्या सगळ्या साबणाला आई ‘घाणा’ म्हणते. ओल्या बोटानं त्या वडीवर थोडा फेस करायचा आणि बोट जिभेच्या टोकाला लावायचं. सोडा तेलात पुरता मुरला नसेल, तर जिभेला झटका बसतो. लहानपणी तुम्ही बॅटरीच्या सेलला जीभ लावली असेल, तसा. झटका बसला की आई म्हणायची, “चावते अजून,” आणि अख्खा घाणा आठवडाभर आणखी थांबायचा. नाही बसला, तर चूळ भरायची आणि वड्या वापरायला काढायची.

आता जे सांगतेय ते नीट वाचा. पुढचं सगळं त्यावर आहे. जी वडी चाखायची, ती बाहेर कुणाला द्यायची नाही. कधीच नाही. ती आमच्या मोरीच्या कट्ट्यावर यायची. शेजारणीला वड्या दिल्या, बाबांच्या मुकादमाला दिल्या, पण चाखलेली वडी घरची. मी आणि माझी बहीण लहानपणापासून चाखलेल्या वडीनंच अंघोळ केली. आईला कुणी सांगितलं नव्हतं असं करायला. “लोकाइले आपलं उष्टं कायले द्यायचं?” एवढंच तिचं म्हणणं. उष्टं म्हणजे काय, हे तिला त्या हॉलनं शिकवायची गरज नव्हती.

आता मॅडम. आईच्या सहा घरांपैकी चौथ्या मजल्यावरचं एक घर त्यांचं. आयटीत होत्या. कंपनीतला प्रोजेक्ट संपला तसा त्यांनी ‘ब्रेक’ घेतला. आमच्या वस्तीत काम सुटलं तर बेकारी म्हणतात, चौथ्या मजल्यावर ब्रेक म्हणतात. असो. त्या आईला ‘मावशी’ म्हणायच्या, ‘तुम्ही’ म्हणायच्या, चहा देताना कपही वेगळा नसायचा. हे मी मुद्दाम लिहितेय. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच राग जास्त आहे.

एकदा त्यांनी आईचा हात हातात घेऊन पाहिला. “मावशी, दिवसभर भांडी घासून हात एवढे मऊ कसे हो? मी महागडं क्रीम लावते, तरी माझे बघा!” आईनं दुसऱ्या दिवशी एक वडी नेऊन दिली. महिन्याभरात मॅडमच्या बहिणीला हवी, भावजयीला हवी, जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणींना हवी. मग त्यांच्या ड्राय बाल्कनीत काम सुरू झालं. स्टीलची भांडी आली, वजनकाटा आला, लाकडी साचे आले. रिकाम्या बेडरूममध्ये वड्या वाळवायला फळ्या ठोकल्या. आई दुपारी दोन तास तिथे साबण करायची. मॅडम कागद लावायच्या, फोटो काढायच्या.

व्हिडिओही काढायच्या. त्यातला एक आईचा होता : आई बोटावर फेस घेते, जिभेला लावते, डोळे मिटून क्षणभर थांबते आणि हसून म्हणते, “झाला.” मॅडमनी तो मोबाइलवरून लोकांना दाखवला. खाली लिहिलं, ‘मावशींचं क्वालिटी कंट्रोल!’ त्याला लाल बदाम आले. ‘किती ऑथेंटिक’, ‘हेच आपलं खरं ज्ञान’, ‘अशा मावशी आम्हालाही द्या’. सोसायटीतल्याच बायकांचे बदाम. हा व्हिडिओ लक्षात ठेवा.

आणि आता माझी चूक. ती लपवली तर मला हे लिहायचा अधिकार नाही.

मॅडम मला म्हणाल्या, “तू पत्रकं लिहितेस ना गं? आपल्या साबणाच्या लेबलसाठी लिही ना चार ओळी. एकदम पंच पाहिजे.” मी लिहिल्या. पत्रक लिहिणाऱ्याची एक खोड असते. दहा गोष्टी खऱ्या असल्या तरी एकच उचलायची आणि मोठ्या अक्षरात छापायची. खोबरेल कोण वाचणार? खोबरेल सगळ्यांच्याच साबणात असतं. मी लिहिलं : ‘वऱ्हाडातल्या घाण्याचं अस्सल जवस. भरपूर.’

भरपूर! दहात एक वाटी, आणि मी लिहिलं भरपूर. आई निरक्षर नाही, चौथी शिकलेली आहे. तिनं वाचलं आणि म्हणाली, “भरपूर कुठी आहे?” मी म्हटलं, “आई, असंच लिहितात.” असंच लिहितात! मोर्च्याला तीनशे माणसं आली की आम्ही ‘हजारोंचा जनसागर’ लिहितो, त्याच हातानं मी साबण लिहिला.

त्याच सुमारास अख्ख्या कोथरूडला जवसाचं वेड लागलं. सकाळी टेकडीवर फिरणारे जवस चघळायला लागले. आमच्या आजोळी भाकरीबरोबर जवसाची चटणी खाणारे अडाणी होते. इथे काचेच्या बरणीतून चमचाभर खाणारे हेल्थ कॉन्शस झाले. तर त्यातला एक जण मॅडमना विचारता झाला, “भरपूर म्हणजे नेमकं किती टक्के?” मॅडम खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी लेबल खरं करायचं ठरवलं. लेबल बदलायचं सोडून साबण बदलायचा.

गणपती बसायच्या आधीच्या आठवड्यात हे झालं. दिवाळीच्या भेटीच्या पेट्यांसाठी मोठा घाणा लावायचा होता. मी त्या दिवशी आईला जेवणाचा डबा द्यायला गेले होते, म्हणून हे बोलणं माझ्या कानावर आहे.

“मावशी, या वेळी दहा वाट्यांना जवस चार वाट्या घालू या. खोबरेल कमी करू.”

“नाही ताई. खवट होईन.”

“अहो, जवस चांगलंच असतं ना पण? मग जास्त घातलं तर जास्त चांगलं.”

“मीठ बी चांगलं असते ताई.”

मॅडम हसल्या. “मावशी तुम्ही ना! मी सगळं वाचलंय. व्हिटॅमिन ई घालू, काही होत नाही.”

“मंग करून लवकर वापरा. प्लास्टिकात बांधू नका, उन्हात ठेवू नका. दिवाळीपर्यंत कायले ठेवता?”

“ऑर्डर दिवाळीच्या आहेत हो.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? डबा ठेवला आणि म्हटलं, “आई, त्यांचा धंदा आहे, त्यांना ठरवू दे.” मालकाच्या विरोधात पानंच्या पानं लिहिणारी मी! आईनं दर दहाला चार वाट्या ओतल्या. ओतताना म्हणाली, “किल्ली दिली बाप्पा पाहुण्याले.”

वड्या मऊ निघाल्या. दोऱ्यानं कापताना कडा दबत होत्या. पाच आठवड्यांनी आईनं एक चाखली. सोडा मुरला होता, चावत नव्हती. ती वडी रीतीप्रमाणे आमच्या कट्ट्यावर आली. बाकीच्या प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळल्या गेल्या, पेट्यांत बसल्या आणि पश्चिमेच्या बाल्कनीत दोन आठवडे रचून राहिल्या. ऑक्टोबरचं ऊन पुण्यात कसं असतं ते पुणेकरांना सांगायला नको.

नरकचतुर्दशीच्या पहाटे सोसायटीतल्या घराघरांत उटणं लागलं, पणत्या लागल्या आणि पेट्या उघडल्या. वड्यांवर नारिंगी ठिपके होते आणि वास मासळीचा.

यात चमत्कार काही नाही. जवसाचं तेल हवेनं आणि उष्णतेनं बिघडतं, आणि बिघडलं की त्याला तसाच वास सुटतो. जुन्या ऑइलपेंटच्या डब्यासारखा म्हणा, नाहीतर वाळल्या मासळीसारखा म्हणा. हे आईला चौथी शिकून ठाऊक होतं. पण अभ्यंगस्नानाला, देवाच्या दिवशी, अंगाला मासळीचा वास म्हटल्यावर तेलाचा विचार कोण करणार? सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सातच्या आत सुरू झालं. आधी ठिपक्यांचे फोटो. मग, ‘हे बनवतं कोण?’ आणि मग कुणीतरी तोच व्हिडिओ टाकला. तोच. बदामवाला. या वेळी खाली लिहिलं होतं, ‘बघा, जीभ लावते आहे. हे आपण मुलांच्या अंगाला लावलं.’

बदाम देणाऱ्यांनी आता ओकारीची पिवळी-हिरवी तोंडं दिली. चित्रफीत तीच, बाई तीच, जीभ तीच.

सभेचा निरोप वॉचमनदादांनी आणला. रविवार, सकाळी अकरा. मीही गेले. हॉलमध्ये निळ्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि भिंतीला लागून दहा-बारा रिकाम्या खुर्च्या एकात एक घालून उभ्या होत्या. आई दाराशी, चपलांच्या रॅकपाशी उभी राहिली. तिला कुणी बस म्हटलं नाही.

सेक्रेटरी काका निवृत्त अधिकारी. आवाज हळू, शब्द मोजके. “विषय सर्वांना माहीत आहे. वेळ घालवू नये.”

एक गृहस्थ उठले. “अहो, पहाटे पाचला उठून उटणं लावलं, वर हे चोळलं. बोंबील! अक्षरशः बोंबील!”

मागून आवाज आला, “तुम्हाला बोंबलाचा वास कुठून हो ठाऊक?”

“ऑफिसच्या पार्टीत ठाऊक झाला!”

हॉल हसला. पुणेरी विनोद झाला, वातावरण हलकं झालं. माझी आई रॅकपाशी उभी होती.

“विनोद पुरे,” एक काकू म्हणाल्या. “यांच्या घरी मासळी शिजते. त्याच हातांनी साबण करतात. वास येणार नाही तर काय मोगरा येणार?”

साबण आमच्या घरी होत नव्हता, चौथ्या मजल्यावर होत होता, हे निम्म्या हॉलला माहीत होतं. आमच्या घरी मासळी शिजते. आवडीनं शिजते. त्याची लाज मला नाही. पण त्या काकूंच्या घरची भांडी त्याच हातांनी नऊ वर्षं घासली, तेव्हा त्यांच्या आमटीला कधी वास आला नव्हता.

“त्यांच्यात चालत असेल हे चाटणं-बिटणं,” आणखी एक जण म्हणाला. ‘त्यांच्यात’ हा शब्द त्या सभेत तीनदा आला. ‘त्यांच्यात’ म्हणजे कुणात, ते कुणीच सांगितलं नाही. पुण्यात जात कुणी विचारत नाही. आडनाव विचारतात, मग गाव विचारतात आणि मग “बरं बरं” म्हणतात.

मी उठून बोलायला लागले. काका म्हणाले, “ताई, हा मोर्चा नाही. इथे लोक बसून बोलतात.”

मी म्हटलं, “मग माझ्या आईला बसायला सांगा.”

रिकाम्या खुर्च्यांकडे सगळ्यांनी पाहिलं. उठलं कुणीच नाही. काका मॅडमकडे वळले. “तुमचं काय म्हणणं? तुमच्या घरचा प्रकार आहे.”

मॅडम तिसऱ्या रांगेत होत्या. हातात मोबाइल. जवस चार वाट्या कुणी घालायला लावलं, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्या म्हणाल्या, “मावशी साबण जिभेला लावतात हे खरंय. मी… म्हणजे मलाही ते कधीच फारसं पटलं नव्हतं.”

सव्वाअकरा वाजले होते. मी घड्याळाकडे पाहिलं, कारण मॅडमकडे बघवत नव्हतं.

आई तेव्हा एकच वाक्य बोलली. “चाखलेली वडी मी घरी नेतो.”

आमच्या वऱ्हाडात बायका ‘मी जातो, मी नेतो’ असंच बोलतात. हॉलमधली एक मुलगी खुसखुसली, “नेतो म्हणे!” आणि त्या वाक्यात काय होतं हे ऐकायचं राहूनच गेलं. सगळ्या सभेत खरं, कामाचं, मुद्द्याचं असं ते एकच वाक्य होतं. ते बोलण्याच्या ढबीवर हसण्यात वाया गेलं.

ठराव झाला. बारा वाजता वॉचमनदादांनी आईकडून कार्ड घेतलं. घेताना ते जमिनीकडे बघत होते. मोबाइलवर गेटचं जे अ‍ॅप आहे, त्यात आईच्या फोटोपुढे लाल फुली आली.

घरी आल्यावर आई मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावले. ती कट्ट्यावरच्या वड्यांकडे बघत होती. “पाह्य,” ती म्हणाली.

कट्ट्यावर दोन वड्या शेजारी-शेजारी होत्या. एक आषाढात केलेल्या घाण्यातली, एक वाटी जवसाची. निम्मी झिजलेली, पांढरी, वासाला स्वच्छ. दुसरी गणपतीच्या आधीची, चार वाट्यांची. नारिंगी ठिपके, मासळीचा वास. दोन्ही आईनं चाखलेल्या. दोन्ही त्याच हातांनी केलेल्या, एकाच कट्ट्यावर, एकाच हवेत ठेवलेल्या. जुनी चांगली, नवी बिघडलेली. आणि सोसायटीत ज्या वड्या गेल्या, त्यांतल्या एकीलाही आईची जीभ लागली नव्हती. तरी त्या सगळ्या बिघडल्या.

म्हणजे काय? जीभ लागलेली एक चांगली राहिली. जीभ न लागलेल्या शंभर बिघडल्या. फरक तेवढा तीन वाट्या तेलाचा. हे समजायला आयटी लागत नाही.

मी दोन्ही वड्या कागदात बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटवर गेले. आत सोडलं नाही. इंटरकॉमवरून मॅडमना खाली बोलावलं. त्या आल्या, हे मान्य करते. मी वड्या पुढे केल्या. त्यांनी पहिलीचा वास घेतला, मग दुसरीचा. डोळ्यांत पाणी आलं.

“मला माहितीये गं,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी सकाळीच कळलं होतं. मावशींनी सांगितलंच होतं मला.”

“मग ग्रुपवर लिहा.”

“आत्ता लिहिलं तर माझं सगळंच संपेल. लोक म्हणतील, मुद्दाम खराब साबण विकला. थोडे दिवस जाऊ देत ना. विसरतील सगळे.”

“आणि आई?”

“मावशींना मी दुसरीकडे चार घरं बघून देते. प्रॉमिस.”

चार घरं! आईला घरं नको होती असं नाही. पण तिला ते वाक्य हवं होतं. ‘साबण बाईच्या जिभेनं बिघडला नाही, माझ्या हट्टानं बिघडला.’ एका ओळीत बसतं. ठिपक्यांचे फोटो टाकायला ज्यांना पहाटे वेळ होता, त्यांना ही ओळ वाचायलाही वेळ मिळाला असता. मॅडम वर गेल्या. ओळ आली नाही. आजपर्यंत आली नाही.

मी पत्रक लिहिलं. या वेळी एकही शब्द वाढवला नाही. ‘भरपूर’ तर नाहीच. सोसायटीच्या टपालपेट्यांत टाकायला वॉचमनदादांकडे दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रती गेटबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात दिसल्या, बहुतेक सगळ्या घडीसकट. उघडून वाचायचेही कष्ट नाहीत.

आईनं या हिवाळ्यात घरापुरता छोटा घाणा लावला. दहा वाट्या, त्यात जवस एक. पाच आठवडे झाले तसं तिनं एक वडी उचलली, बोट ओलं केलं, फेस केला. आणि हात तिथेच थांबला. तिनं दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. आमचं घर, आमची मोरी, आमचा साबण. तरी तिनं दाराकडे पाहिलं.

“तू पाह्य,” ती मला म्हणाली आणि वडी माझ्या हातात दिली.

मी जीभ लावली. चावत नव्हती. “झाला,” मी म्हटलं. ती हसली नाही. वर्षानुवर्षं जे ती डोळे मिटून करायची, ते तिच्याकडून काढून घेतलंय तुम्ही. कार्ड परत देता येईल. याचं काय करणार?

तुम्ही म्हणजे तुम्ही. त्या हॉलमध्ये बसलेले, बदाम देणारे, ओकारीची तोंडं देणारे आणि गप्प बसून नंतर घरी “फारच झालं हां” म्हणणारे.

त्या दोन वड्या आजही तुमच्या गेटवरच्या केबिनमध्ये आहेत. वॉचमनदादांनी खिडकीशी ठेवू दिल्यात, कागदावर मी ‘एक वाटी’ आणि ‘चार वाट्या’ एवढंच लिहिलंय. दूध आणायला उतराल तेव्हा तिथे थांबा. दोन्ही हातात घ्या. वास घ्या. आणि मग ज्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकलात, त्याच ग्रुपवर, स्वतःच्या नावानं लिहा : साबण तेलानं बिघडला, बाईनं नाही. तिचं कार्ड परत द्या.

त्या सोसायटीत राहत नसाल, तरी सुटका नाही. तुमच्याही सोसायटीला हॉल आहे, रविवारी सभा आहे आणि चपलांच्या रॅकपाशी उद्या कुणीतरी उभं असेल. भिंतीला लागून खुर्च्या असतात. उठा, एक सोडवून आणा, तिला बसवा. आणि ती बोलेल तेव्हा हसू नका, ऐका.